बाटलीतलं पाणी

दवाखान्यातल्या कंपाउंडरला नववीच्या वर्गात बोलायला बोलावलं होतं. विषय होता दारू आणि घरची माणसं. वर्गशिक्षिका फोनवर म्हणाल्या होत्या, "अनुभवाचं बोला, मुलं ऐकतील." बायकोला जाऊन सात महिने झाले होते. ती प्यायची हे लेकीनंच बाईंना सांगितलं असणार, असं धरून तो आला.

फळ्यापाशी उभा राहिला तर बाई वर्गाला म्हणाल्या, "हे काका वर्षानुवर्षं प्यायचे. आता सोडलीय. टाळ्या वाजवा."

टाळ्या पडल्या. कंपाउंडर गांगरला. उभ्या जन्मात त्यानं थेंब घेतला नव्हता. तिसऱ्या बाकावर त्याची लेक मान खाली घालून पेनाचं टोपण चावत होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. आईचं नाव खराब होऊ नये म्हणून पोरीनं बापाचं पुढे केलं होतं.

खरं सांगावं तर पोर सगळ्यांदेखत तोंडघशी पडणार. न सांगावं तर बोलायचं काय?

"काका, लपवायचात कुठे?" मागून एकानं विचारलं.

"वॉशिंग मशीनमध्ये. एकदा बुटात."

"बुटात मावते?"

"छोटी मावते."

वर्ग खिदळला. त्यालाही हसू फुटलं, आणि आपण हसलो कसे याचंच नवल वाटलं. ती बाटली सापडली तेव्हा बायकोही हसली होती. "तुमच्या होडीएवढ्या बुटांचा तेवढा तरी उपयोग," म्हणाली होती.

"आणि घरचे काय करायचे?"

"घरचे मोजून द्यायचे." त्याच्या तोंडून निघून गेलं. "खोकल्याच्या औषधावर झाकण असतं ना, त्या मापानं. रोज दहा झाकणं. दर आठवड्याला एक कमी. म्हणजे हळूहळू सुटेल."

"मग सुटली?"

"आठवर आलं, तर हातपाय कापायला लागले. घामानं कपडे ओले. इतक्यात असं व्हायला नको होतं. घरच्यांना वाटलं, सोंग आहे. मग फिट आली, आणि..."

तो अडला. फिट येऊन माणूस तिसऱ्या दिवशी गेलं होतं, आणि इथे तर तो धडधाकट उभा होता.

"बाबा, पुरे." लेक उठली होती. "बाई, बाबा नाही प्यायचे. आई प्यायची. मी खोटं बोलले." "आणि बाबा ज्या बाटलीतून मोजायचे, तिच्यात मी पाणी घालायचे. अर्धं. लवकर सुटावी म्हणून."

ती दारू दिसायला पाण्यासारखीच. त्याला कळणार कसं? आठ झाकणं म्हणजे खरी चारच. कंपाउंडर फळ्याला टेकला. शर्टाला मागून खडू लागला.

"माझ्यामुळे गेली ना आई?"

नाही म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं. पण पाण्यानं गेली, की मापानं, की आधीच्या नऊ वर्षांच्या पिण्यानं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

"मला कळत नाही गं," तो म्हणाला. मग वर्गाकडे वळला. "एवढंच कळतं. मी बावीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसतो. मधे एक भिंत. पण त्यांना एकदाही सांगितलं नाही. लाज वाटायची. ही पोर मला बोलली नाही, मी हिला बोललो नाही. एका घरात तिघं, आणि ज्याचं त्याचं गुपचूप. तुमच्या घरात असं असेल तर कुणाला तरी सांगा रे. मापं काढत बसू नका."

लेक उभीच होती.

"बाबा, सांगा ना."

"डॉक्टरांना विचारू. आजच. दोघं जाऊन."

"ते हो म्हणाले तर?"

कंपाउंडर तिच्या बाकापाशी गेला.

"तर मी तिथं असेन," तो म्हणाला. "दप्तर भर."