काला आणि खिचडी

आमच्या गावचा सप्ताह काल्यानं संपतो. कीर्तन झालं, की दही-लाह्यांचा काला एकमेकांच्या तोंडी घालायचा. हात कुणाचा, हे विचारायचं न्हाई.

चैत्रात नंदाबाईच्या उमीनं मार्तंड गुरुजींना काला भरवला. गुरुजी शाळेचे हेडमास्तर, कीर्तनात पेटीवर. उमीचा ट्रकवाला बाप दिवाळीत एड्सनं गेल्ता, पोरीच्या रक्तातही तेच निघालं होतं. गावाला बराबर ठाऊक होतं. तरी गुरुजींनी डोळे मिटून खाल्ला.

जूनमध्ये गुरुजींनी तिला शाळेच्या पायरीवरूनच परत पाठवलं.

"सगळ्यांची खिचडी एका पंगतीत असते, नंदाबाई. बाकीच्या लेकरांचं काय?"

"मंग माझ्या लेकीनं कुठं जायचं?"

"घरी शिकवा."

"मी अंगठेबहाद्दर. काय शिकवू, भाकरी थापायला?"

मी विणेकरी. माझ्याच विण्याशेजारी बसून 'सगळ्यांत एकच विठ्ठल' आळवणारा माणूस हा! मस्तक भणभणलं. मायलेकींना घेऊन तालुक्याचं अंबड गाठलं. शरयूताई वकिलांनी कोर्टात दावा लावला. गुरुजींनी लेखी दिलं: सोबत जेवल्यानं रोग लागतो.

तारखेला गाव मागच्या बाकांवर. शरयूताईंनी विचारलं, "गुरुजी, यंदा उमाच्या हातचा काला खाल्लात?"

गुरुजींनी मागं पाहिलं. न्हाई म्हणावं तर काल्याचा अपमान, हो म्हणावं तर लेखी खोटं.

"खाल्ला," ते पुटपुटले. "पण तो प्रसाद."

"म्हणजे रोगाला प्रसाद कळतो, खिचडी कळत नाही?"

कोर्ट हसलं. मला हसू आलं न्हाई. एवढ्याशा पोरीला शाळेत बसायला देवाचा काला साक्षीला आणावा लागतो?

हुकूम झाला, उमीला वर्गात घ्या. गुरुजींनी घेतलं. दाराशी, वेगळ्या पोत्यावर.

एकादशीला कीर्तनाआधी मी देवळाच्या दाराशी पोतं अंथरलं. "या गुरुजी, तुमची जागा."

गुरुजी उंबऱ्याबाहेरच थबकले. तेवढ्यात नंदाबाई उठली, तिनं पोतं झटकून माझ्या हातात दिलं.

"रामभाऊ, पांडुरंगाच्या दारात हे न्हाई बघवत मला." मंग गुरुजींकडं वळली. "इथलं मी उचललं. शाळेतलं उद्या तुम्ही उचला. न्हाई उचललं, तर हुकूम मोडला म्हणून अर्ज करायचा, वकीलताईनं सांगितलंय. अंबडची गाडी आता मला पाठ हाय."