तांबेऱ्याची टोपली

मी टोपली बोलतेय. धान्याची नव्हे, फुलांची तर मुळीच नव्हे. भोरजवळच्या सागाच्या रोपवाटिकेत रोगट पानं वाहणारी टोपली. नाक मुरडू नका, पुढचं ऐका.

नसरापूरच्या बाजारातल्या बुरुडानं मला विणलं आणि चंद्राबाईनं निवडलं. ती रोपवाटिकेत खुरपणीला होती. दर अमावास्येला मला शेणानं सारवायची आणि सारवता सारवता माझ्याशी बोलायची. ते दिवस आठवले की अजून जीव सुखावतो.

त्या काळी वेल्ह्याच्या डोंगरावर लावलेला साग तांबेऱ्यानं खाल्ला होता. हा रोग बुरशीचा. पानाखाली नारिंगी भुकटी धरायची, पान करपून गळायचं, रोप खुरटायचं. रोपवाटिकेचे प्रमुख गंगाधरपंत तेव्हा तरणे होते आणि भलतेच हट्टी. ते म्हणाले, रोगाला पुरून उरणारा सागच शोधू. बारा झाडांचं बी त्यांनी बारा वाफ्यांत पेरलं. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी ते तांबेरा धरलेली पानं माझ्यात भरायचे आणि मुद्दाम रोपांवर पसरायचे. यातून जी हिरवी राहतील त्यांचाच वंश वाढवायचा.

टोकाच्या बाराव्या वाफ्यातलं बी चंद्राबाईचं होतं, तिच्या माहेरच्या बांधावरच्या सागाचं. भाटघर धरणाच्या पाण्याखाली माहेर गेलं, साग त्याआधीच तोडला. लुगड्याच्या गाठीत बांधून आणलेलं पसाभर बी तेवढं उरलं होतं.

मग तिला कसं बघवणार? सगळ्यांच्या आधी येऊन ती त्या वाफ्यातली रोगट पानं वेचायची आणि माझ्यातून उकिरड्यावर नेऊन जाळायची. "माज्या म्हायेरच्या लेकरास्नी ह्यो सासुरवास कशापाई?" म्हणायची. खरं सांगते, मलाही ते बरंच वाटायचं.

माघात अकरा वाफे नारिंगी आणि बारावा हिरवागार! पंतांचा आनंद पोटात मावेना. वेल्ह्याचा जंगलराखा रखमाजी आला होता. त्याला म्हणाले, "सापडला! आता डोंगरावर हीच रोपं."

"लई बरं झालं, पंत," रखमाजी म्हणाला. "मागली दोन सालं बायामान्सांनी खडकात खड्डं खनलं. हाताची सालटी गेली, आन् समदा साग तांबेऱ्यानं न्हेला. आता तसं न्हाई व्हायाचं न्हवं?"

"नाही होणार."

चंद्राबाईचं खुरपं थांबलं. त्या दिवशीची पानं अजून माझ्यातच होती. तिनं मला उचललं आणि पंतांच्या पायाशी पालथं केलं.

"पंत, म्या रोज पानं येचून टाकत हुते. ह्या वाफ्याची परीक्षा झालीच न्हाई."

पंतांचा चेहरा पार उतरला. ओरडले असते तर परवडलं असतं. वाकून ती पानं परत माझ्यात भरत म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात पुन्हा. पण या वाफ्यात पानं तुम्ही टाकायची."

तिनं टाकली. सकाळी वाफ्यापाशी यायची आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. एक पान उचललं नाही. दोनशे रोपं तिच्या डोळ्यांदेखत करपली. हिरवी राहिली तीन.

"तीनच?" म्हणाली आणि ढसाढसा रडली.

"तीन खरी आहेत, चंद्राबाई," पंत म्हणाले.

ती तीन रोपं वेल्ह्याला लागली, त्यालाही आता चौदा वर्षं झाली. माझं बूड गेलं. चंद्राबाईच्या परसात माझ्यात कोंबडी बसते, आणि माझी काही तक्रार नाही.

काल पंत आले. तिन्ही सागांचं बी रोपवाटिकेत रुजलंय, रोपं गुडघ्याला लागतायत म्हणाले. चंद्राबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग काठी घेतली, कोपऱ्यातली नवी टोपली काखेत मारली.

"चला," म्हणाली. "वाटंत तांबेऱ्याची पानं घिऊ. ह्यांच्यावरबी म्याच टाकनार."

ती गेली. माझं मागणं एवढंच, की नव्या टोपलीनं तिला सांभाळून घ्यावं. तिचं वय झालंय, आणि त्या रोपांवर तिचा फार जीव आहे.