निळ्या दोऱ्याची गाठ

बंदरात गाळ साचला तशी वखारीची रया गेली, पण धाकटीची जीभ काही बोथट झाली नाही. "आमच्या वेळी बैलगाड्यांच्या गर्दीत हा रस्ता ओलांडायची सोय नव्हती," असं ती येईल त्याला ऐकवी. आता तिथे भर दुपारी कुत्री ताणून देत.

तिचं काम पोत्यांची तोंडं उसवण्याचं. आतल्या मुलुखातून गाड्या धान्य घेऊन येत आणि परत रिकाम्या जायला नकोत म्हणून मीठ भरून नेत. थोरली बहीण सासरी गेली तीही अशाच परतीच्या गाडीतून, मिठाच्या पोत्यांवर बसून. तिकडच्या बाजारात ती पोती शिवू लागली. दोघींना अक्षरओळख नाही. मग थोरली शेवटच्या टाक्याला निळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ मारी. मी बरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती गाठ हाती लागली की धाकटी दिवसभर गुणगुणत राही. काय दिवस होते ते!

मग दूरच्या खोल बंदरापर्यंत रेल्वे आली. इकडे एखाददुसरी चुकार गाडी येई, पण पोत्यांवर गाठ नसे. निरोप धाडायचा, तर हिचा हेका: "तिनं तोडलं, तिनंच जोडावं. त्या गावाचं नाव काढू नका घरात!" अर्धं आयुष्य रुसण्यात गेलं.

परवा मुलगा नव्या बंदरातून कामावरून आला. दाराशी पाय पुसायला त्याने एक जुनं पोतं आणलं होतं. ते अंथरता अंथरता धाकटीने त्याचा कोपरा उचलून डोळ्यांजवळ नेला. कोपऱ्यात निळी गाठ होती.

"कुठलं रे हे?"

"मावशीच्या गावचं. तिथला माल रेल्वे आल्यापासून आमच्याकडेच उतरतो, आधी रेल्वेने, आता लॉऱ्यांनी."

"आणि हा निळा दोरा?"

"सगळ्यांनाच असतो की. कालच्या मालालाही होता. का गं?"

धाकटीला रडू आवरेना. "वेडी गं माझी ताई! इतकी वर्षं भलत्याच दारात हाका मारत बसली. आणि मी इथे तोंड फुगवून!"

मुलगा गोंधळून पाणी आणायला उठला. तिने त्याचा हात धरला.

"त्या लॉऱ्या परत रिकाम्या जातात?"

"छे, मीठ नेतात."

तिने पदराने नाक पुसलं. "मग सांग ड्रायव्हरला, उद्या पोत्यांवर मला बसवायचंय."