वकिलीची उशी

मी सोफ्यावरची उशी बोलतेय. हसू नका. या घरात माझ्याइतका मार कुणी खाल्लेला नाही, आणि तोही दुसऱ्याच्या चुकांसाठी.

सोफा घेतला तेव्हा त्याच्यावर फुकट मिळाले ती मी. घरात माणसं दोनच, सासरे आणि सून. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, कधीतरी उगवायचा. सासरे बस दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सून दातांच्या दवाखान्यात कामाला. दोघांचं बोलणं म्हणजे "दूध आलं का?" आणि "आलं." मला तर जांभया यायच्या.

मग टीव्हीवर ती अंतराळयानाची मालिका सुरू झाली आणि घराला कंठ फुटला. लिखाणाचा कारभार मात्र सगळा लहरी. एका शनिवारी असा भाग, की दोघंही नाक पुसताहेत. पुढच्या शनिवारी मेलेला कॅप्टन खुशाल दाढी करत उभा! सासऱ्यांनी संतापून मला टीव्हीवर फेकलं. सुनेनं मधल्यामधे झेललं आणि म्हणाली, "थांबा बाबा, लेखकाचीही काही बाजू असेल."

तेव्हापासून नियमच ठरला. कथेत भोक दिसलं की मला फेकायचं, आणि मी ज्याच्या हातात, त्यानं लेखकाची वकिली करायची. एकदा इंधन संपलेलं यान सुसाट धावलं, तर सासरे मला पोटाशी धरून म्हणाले, "उतार असेल गं. न्यूट्रलवर टाकलं असेल." सून हसून हसून सोफ्यावरून घसरली.

पण एकदा घोळ झाला. कॅप्टननं यानावरच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला ओसाड ग्रहावर सोडून दिलं. सासऱ्यांनी मला भिरकावलं. सुनेनं झेललं आणि नियमाप्रमाणे तोंड चालवलं, "बरोबरच केलं. आता त्याचा उपयोग काय? नुसतं खायला लागतं."

सासरे उठून खोलीत गेले. सुनेच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा तिनं माझ्यातच तोंड खुपसलं. "वकिली होती हो ती, बाबा," असं ती मला सांगत होती. मला सांगून काय उपयोग?

आठवडाभर पुन्हा दूध आलं का, आलं. त्यात सासरे अर्धपोटी उठायचे. मग ताटासमोर एकटी उरलेली तीही जेवण अर्धवट टाकायची.

शनिवारी तिनं एकटीनंच मालिका लावली, आवाज मुद्दाम मोठा. बघते तर काय, म्हातारा मेकॅनिक हातात पाना घेऊन यानात हजर. कसा आला, त्याबद्दल अवाक्षर नाही. इतकं भिकार लिखाण मी जन्मात पाहिलं नव्हतं.

खोलीचं दार उघडलं. "अगं, हा परत आला कसा?" सासऱ्यांना राहवलंच नाही.

सुनेनं मला त्यांच्याकडे फेकलं. त्यांनी झेललं. आता वकिली त्यांच्याकडे. ते माझी शिवण चाचपत उभे राहिले.

"यान अडलं असेल त्याच्यावाचून," ते हळूच म्हणाले.

"नाही बाबा," ती म्हणाली. "यान चांगलं चालू होतं. एकटं जेवायला बसवत नव्हतं कॅप्टनला."

सासरे येऊन तिच्या शेजारी बसले. पुढे टीव्हीवर काय चाललं होतं कुणास ठाऊक, दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

आता माझी एक बाजू उसवली आहे, कापूस बाहेर डोकावतो. तेव्हा लेखकमहाशय, हात जोडून एकच मागणं आहे. इतक्यात लिखाण सुधारू नका. माझी काळजी करू नका, अजून बराच कापूस शिल्लक आहे.