घाम प्यालेल्या खिट्या

"काका, या खिट्या तुम्हीच काढा. आमच्या माणसांकडून एकसुद्धा उघडत नाही."

गुरांची डॉक्टरीणबाई आरेती मेंढवाड्याच्या दाराशी उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा कागदी पोशाख, डोळे तेवढे उघडे, त्यांवर चष्मा. तिच्यामागे तसेच पांढरे चार जण. त्यातला एक जण कालेसा नावाच्या म्होरक्या मेंढीच्या गळ्याखाली बोटं घालून घामाघूम झाला होता.

"ओढू नका तिला," स्टेर्गिओस म्हणाला. "ओढली की ती आणखी घट्ट बसते."

तो गुडघ्यावर बसला. अडुसष्ट वर्षांचे गुडघे, आवाज करूनच बसले. मेंढीच्या गळ्यात वाकवलेल्या लाकडाचं कडं, कड्याला पितळी घंटा. कड्याची दोन टोकं गळ्याखाली एकमेकांवर येतात आणि भोकातून बोटाएवढी लाकडी खिटी आरपार जाते. अर्धा फेरा दिला की खाचेत अडकते. उघडायची तर आधी आत दाबायची, मग फिरवायची. त्याने अंगठ्याने दाबली, फिरवली. कडं हातात आलं.

"बघा," तो उगीचच म्हणाला. 

एकशे सव्वीस मेंढरं. त्यांतल्या चाळिसांच्या गळ्यात कडी. सगळ्या खिट्या त्याच्या हातच्या. डोंगराच्या या बाजूला गाठ कोणी मारतच नसे. गाठ पावसात आवळते, थंडीत बोटांना जुमानत नाही, शेवटी चाकू लागतो. खिटीला अंगठा पुरतो. वाड्याच्या फाटकाला खिटी, तंबूच्या दोरीला खिटी, म्हाताऱ्यांच्या लोकरीच्या डगल्याला बटणाऐवजी खिटी. क्राना झाडाचं कठीण लाकूड, आणि ते कोरायचं स्टेर्गिओसने. त्याच्या आधी त्याच्या बापाने. दुसरं काही त्याने आयुष्यात केलं नव्हतं. शाळा बापाने दोन हिवाळ्यांत संपवली होती. "मेंढीला कुठं वाचायचंय?" म्हणाला होता.

कालच तपासणीचा निकाल आला होता. मेंढ्यांच्या देवी, स्पर्शाने पसरणारा रोग. एकीला निघाल्या की कळप सगळा मारायचा. कायदाच तसा.

आरेतीने फळीवर कागद लावला. "गेल्या एकवीस दिवसांत वाड्यातून बाहेर काय गेलं? मेंढी, लोकर, चारा, भांडं, दोरी? काहीही."

"काही नाही."

"कोणी आलं होतं?"

"आमच्याकडे कोण येतंय?"

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग लिहिलं. उत्तर फार लवकर आलं होतं, हे त्याचं त्यालाच कळलं.

तो कड्यांकडे वळला. दाब, फिरव, ओढ. दहावं, अकरावं. हात चालू होते आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

नवी खिटी कोरडी असते. तशीच दिली तर पहिल्याच काट्याकुट्यात निसटून पडते. म्हणून नवी खिटी बसवली की ते कडं एक दिवस आणि एक रात्र आपल्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यात घालायचं. मेंढीचा घाम, लोकरीचं तेल पिऊन लाकूड फुगतं आणि खाचेत बसतं ते कायमचं. बापाने शिकवलेली रीत. लोक म्हणत, स्टेर्गिओसची खिटी घाम पिऊन येते.

गेल्या पंधरवड्यात शेजारी मेंढपाळांची अकरा कडी नव्या खिट्यांसाठी त्याच्याकडे आली होती. चार लांब्रोसची, दोन वरच्या वाडीतल्या झोईत्सा विधवेची, पाच थिमिओसची. अकराही कडी पाळीपाळीने कालेसाच्या गळ्यात राहून परत गेली होती.

आणि कालेसाच्या गळ्याखाली तेव्हाच खपली होती. त्याने ती पाहिली होती. कड्याने घासलं असेल म्हणून तेल आणि राख लावली. कड्याने घासतंच. चाळीस वर्षं घासत आलंय.

कुंपणाबाहेर मोटरसायकल थांबली. थिमिओस. स्टेर्गिओसच्या बायकोचा, ख्रिसांथीचा धाकटा भाऊ. आत यायला बंदी होती, म्हणून तो तारेपलीकडे उभा राहिला.

"दाजी! इकडे या जरा."

स्टेर्गिओस दहा पावलांवर थांबला.

"माझं नाव घेतलंत?"

"नाही."

"मग घेऊ नका." थिमिओसने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रविवारी ट्रक येतायत. सगळे कळप खाली मैदानात चालले हिवाळ्याला. एकदा खाली गेलो की कोण विचारतंय?"

"आठ कळप एकाच डोणीवर पाणी पितील, थिम्यो."

"पिऊ देत. मेंढरं पाणीच पितात. माणसांसारखी त्सिपुरोची दारू नाही पीत."

"तुझी बघितलीस का नीट?"

"बघितली. धडधाकट आहेत, तुमच्यापेक्षा बरी." मग तो तारेवरचा गंज नखाने काढू लागला. "एकीच्या ओठाला जरासं आलंय. काटा लागला असेल."

"मी पण तेच म्हटलं होतं," स्टेर्गिओस म्हणाला. "कडं घासलं असेल."

थिमिओसचा चेहरा उतरला. मग लाल झाला.

"तुमचं गेलं ते गेलं! आता दुसऱ्याच्या वाड्यात कशाला हात घालता? माझी दोन पोरं आहेत शिकणारी. तुम्हाला काय, ना मूल ना बाळ! बसाल खिट्या कोरत!"

"कुणाच्या मेंढ्यांसाठी कोरू?"

"मला नका विचारू. पण माझं नाव घेतलंत ना दाजी, तर माझ्या मढ्यालासुद्धा येऊ नका."

मोटरसायकल गेली. घरातून ख्रिसांथी हे सगळं ऐकत होती. ती दारात आली, हात पिठाचे.

"सगळं ऐकलंस ना?" त्याने विचारलं. "काय करू?"

"माझ्या माहेरची मेंढरं आहेत ती. माझ्या तोंडून वदवून घेऊ नका." ती आत वळली, पुन्हा थांबली. "तोंड देवाने तुम्हाला पण दिलंय."

दुपारी काम सुरू झालं. माणसांनी मेंढ्या मारायचा विजेचा मोठा चिमटा आणला; गळ्यातलं पितळ म्हणूनच आधी काढायचं होतं. त्याची वायर एका पेटीला, आणि पेटीवर धातूचा एक छोटा खटका. वर केला की बंद, खाली केला की चालू. खटका एका पोरगेल्याशा माणसाच्या हातात होता. दर वेळी खाली करताना तो दुसरीकडे बघे.

"मी धरतो त्यांना," स्टेर्गिओस म्हणाला. "अनोळखी माणसाने धरलं की घाबरतात."

"काका, तुम्ही घरात जा," आरेती म्हणाली. "कोणीच थांबत नाही."

"घरात जाऊन काय करू?"

त्याने एकेक धरली. प्रत्येक मेंढी त्याच्या हाताचा वास आला की मान पुढे करी. कडं घालायला आलाय असंच तिला वाटे. त्याने उभ्या जन्मात त्यांच्या गळ्याला हात लावला तो याच कामासाठी. शंभर मेंढ्या झाल्या. मग गाभण मेंढ्यांची पाळी आली. त्यांतल्या एकीने खटका खाली जायच्या आधी त्याचा अंगठा चाटला.

"थांबा," तो म्हणाला.

सगळे थांबले. पोरगेल्याने खटका वर केला.

"बाई, तो कागद आणा. मी खोटं बोललो."

आरेती जवळ आली. त्याने तीन नावं सांगितली. लांब्रोस, चार कडी. झोईत्सा, दोन. थिमिओसचं नाव त्याने आधी तोंडातल्या तोंडात घेतलं. तो खाकरला आणि पुन्हा नीट म्हणाला, तिला लिहिता यावं म्हणून. मग अंगठ्याने दाबून दाखवावं तसं हवेत करत त्याने तिला रीत सांगितली: घाम, तेल, एक दिवस, एक रात्र.

"तुम्ही सकाळी का नाही सांगितलंत?"

"तो माझा मेव्हणा आहे."

ती पुन्हा लिहू लागली. लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, की चष्म्यावर वाफ, ते कळलं नाही. स्टेर्गिओस परत गाभण मेंढीपाशी गेला आणि त्याने तिची मान धरली.

त्या रात्री ख्रिसांथीने त्याच्यासमोर ताट ठेवलं. स्वतः भिंतीकडे तोंड करून बसली. वाड्यातून काही आवाज येत नव्हता, म्हणून दोघांनाही जेवता आलं नाही.

लांब्रोसचा कळप वाचला. त्याने ती कडी अजून घातलीच नव्हती, सुंभात ओवून खुंटीला टांगलेली होती. झोईत्साची तीस मेंढरं गेली. ती रडली नाही, नुसती शिव्या देत राहिली, सरकारला आणि स्टेर्गिओसला सारख्याच. थिमिओसच्या सात मेंढ्यांना देवी निघाल्या होत्या. त्याचा दोनशेचा कळप मारायचं ठरलं. बाकीच्या पाच कळपांचे ट्रक रविवारी गेले.

सोमवारी सकाळी आरेतीचा फोन आला.

"काका, थिमिओसकडे आहे मी. खिट्या उघडत नाहीत. तो हात लावत नाही, आणि आम्हाला चिमट्याऐवजी सुरीने मेंढ्यांच्या माना कापाव्या लागतील असं दिसतंय..."

"येतो," स्टेर्गिओस म्हणाला.

त्यालाही कागदी पोशाख घातला. थिमिओस वाड्याच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. स्टेर्गिओस आत आला तशी त्याने मान फिरवली. मेंढ्यांनी मात्र फिरवली नाही. त्या पुढे आल्या आणि त्यांनी गळे वर केले. दाब, फिरव, ओढ. साठ कडी. ओठावर खपली असलेल्या मेंढीपाशी त्याचा हात थांबला, पण ती धक्के मारू लागली, म्हणून त्याने तिचंही कडं काढलं. मग पेटीवरचा खटका खाली गेला आणि वर आला, खाली गेला आणि वर आला.

दुपारपर्यंत सगळं झालं. ट्रक ताडपत्री बांधून निघून गेला. स्टेर्गिओसने पोशाख काढला आणि अंगणातून जायला निघाला.

अंगणात थिमिओसची आई खुर्चीवर बसली होती. म्हणजे स्टेर्गिओसची सासूच. नव्वदीची, डोळे गेलेले, कान मात्र सशासारखे. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, ते कोणाला सुचलं नव्हतं.

"कोण? स्टेर्ग्यो का रे?"

"मीच, सासूबाई."

"आज घंटा वाजेनात. सकाळपासून कान देऊन बसलेय. मेंढरं कुठायत?"

थिमिओस दारात येऊन उभा होता.  

"वर चरायला नेलीत, आई. लांब."

"या दिवसांत? वर?" म्हातारीने मान तिरकी केली. "वर काय आहे आता?"

 चार दिवसांत पहिल्यांदा थिमिओसने स्टेर्गिओसकडे पाहिलं.

"यंदा वर गवत टिकलंय, सासूबाई," स्टेर्गिओस म्हणाला. "मी बघून आलो. गुडघ्याएवढं आहे."

"गुडघ्याएवढं?"

"हो. दंवाने भिजलेलं. पोटभर खातायत."

"मग बरं," म्हातारी म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून ऐकत बसली.