रक्तगटाच्या जागी शिरलेलं अक्षर

मित्रांनो, तुम्हाला तोंड दाखवायचीही मला लाज वाटते. मी एक जुना कंपायलर. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला कळेल असा करून देणं हे माझं काम. १९९४ साली फ्लॉपीत बसून मी नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या एका खाजगी दवाखान्यात आलो.

तिथं छायाताईंनी रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिला. माहितीच्या एखाद्या चौकटीत मावतील त्याहून जास्त अक्षरं आली तर अडवायचं, ही तपासणी मला येत होती. पण तिनं काम मंदावतं, म्हणून मला बनवणाऱ्यांनी ती बंदच ठेवली होती. सगळे माझ्या वेगाचं कौतुक करायचे आणि मी मूर्ख, हुरळून जायचो.

एकदा घोटीच्या नवसाबाई बाळंतपणाला आल्या. छायाताईंनी त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव लिहिलं. पुढच्या चौकटीत रक्तगट लिहिला, ओ. तेवढ्यात त्यांचे दीर झिपरू म्हणाले, "ताई, गाव बी टाका. घोटी बुद्रुक. नवसाबाई लय हायेत आमच्याकडं."

आपल्याकडे गावाशिवाय माणसाची ओळख पुरी होत नाही. छायाताईंनी नावापुढेच इंग्रजीत 'घोटी बी' असं थोडक्यात लिहिलं, बुद्रुकसाठी नुसतं 'बी'. ते शेवटचं 'बी' नावाच्या चौकटीत मावलं नाही. ते शेजारी सरकलं आणि ओच्या जागी जाऊन बसलं. मी गप्प राहिलो.

बाळंतपणात रक्तस्राव थांबेना. पडद्यावर पाहून घाईघाईत, रक्त जुळवून न बघताच, बी गटाची बाटली लावली. नवसाबाई थरथरू लागल्या, तशी हमीदा सिस्टरनं नळी बंद केली. म्हणून त्या वाचल्या. पण महिनाभर त्यांना स्वतःचं बाळ उचलता आलं नाही.

"सर, कंपायलरनं एकही चूक दाखवली नव्हती," छायाताई डॉक्टरांना रडत सांगत होत्या. खरंच होतं ते. बोलणी मात्र त्यांनी खाल्ली.

मग त्यांनी माझ्यातली ती बंद ठेवलेली तपासणी चालू केली. पुढे दोन हजार सालानंतर नवे कंपायलर आले. त्यातले कितीतरी पहिल्यापासूनच अशी तपासणी करतात. ते अडवतात म्हणून चिडू नका, मित्रांनो, आणि वेगासाठी त्यांना गप्प बसवू नका.

तेव्हा महिन्यानं घरी निघताना नवसाबाई बाळाला घेऊन छायाताईंपाशी आल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, नाव मोठं व्हतंय असं तुमच्या मशीननं सांगितलं असतं, तर आम्ही गाव गाळलं असतं."

एवढंच सांगायचं होतं मला.