गुप्त साठा, नग एकेचाळीस

पुरवठा खात्यात कारकूनबाईंचं अक्षर सगळ्यांत सुवाच्य, म्हणून छाप्याला साहेब त्यांनाच बरोबर नेत. औषधांची टंचाई पडली त्या उन्हाळ्यात रोज कुठे ना कुठे छापा असायचाच. वरून विचारणा एकच, आज घबाड किती हाती लागलं?

त्या दिवशी पाळी आली एका म्हाताऱ्या कंपाउंडरच्या घरावर. दोन खोल्या, एक खाट, एक शिलाई मशीन. मशीनवर त्याची पस्तिशीची लेक. शिपायाने मोरीजवळचा माठ कलंडवला आणि ओल्या वाळूतून इन्सुलिनच्या बाटल्या निघाल्या. एकेचाळीस.

"वा, म्हातारबा! माठ आहे की सोन्याची खाण?" साहेब हसले.

"साहेब, लेकीच्या आहेत हो त्या. लहानपणापासून तिला दोन वेळा टोचावं लागतं. दुकानात मिळेना, तेव्हा ओळखीपाळखीने एकेक जमवली. फ्रिज नाही, म्हणून वाळूत."

बाईंचा हात थांबला. "साहेब, 'घरगुती शिल्लक' लिहू? नियमाने निम्म्या तरी घरी राहतील."

"म्हणजे निम्म्या ह्यांनाच परत द्यायच्या? शब्दांचा कीस पाडू नका, बाई. 'गुप्त साठा' लिहा."

बाईंनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. जाताना साहेबांनी खाटेजवळची, वापरातली उघडलेली एक बाटली तेवढी मागे ठेवली, आणि तीही उपकार केल्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून कंपाउंडर कचेरीत येऊ लागला. बाकावर बसायचा, शिपायाने हाकललं की जिन्यात बसायचा. आठव्या दिवशी बाईंच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "थेंब थेंब पुरवतोय, बाई. काल रात्रभर तिला उलट्या."

बाईंनी साहेबांकडे अर्ज नेला. "निकाल लागेपर्यंत सील उघडता येत नाही," साहेब म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

त्या दुपारी साहेब जेवायला गेल्यावर बाई गोदामात शिरल्या. वर पत्र्याचं छप्पर, आत भट्टी. लोखंडी कपाटाचं सील त्यांनी कात्रीने तोडलं, खोका पदराखाली घेतला आणि रिक्षाने थेट कंपाउंडरचं घर गाठलं.

लेक खाटेवर धापा टाकत होती. ओळख राहिली नव्हती. कंपाउंडरने एक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग दुसरी. मग तिसरी. स्वच्छ पाण्यासारखं असायचं ते औषध गढूळ झालं होतं, आत पांढरे कण फिरत होते.

"उष्णतेनं गेल्या," तो हळूच म्हणाला. "सगळ्या गेल्या, बाई."

"एखादी तरी बघा ना! तळाची बघा!"

त्याने एकेचाळीसही बघितल्या. त्यातल्या त्यात बरी दिसली ती टोचली, अर्ध्या तासाने आणखी एक. दोघांनी मिळून तिला दवाखान्यात नेलं, पण तिथलं कपाट महिनाभरापासून रिकामं होतं. उजाडायच्या आत ती गेली.

सील तोडलं म्हणून बाईंना निलंबित केलं. चौकशीत विचारलं, "काय चोरलंत?" त्या म्हणाल्या, "चोरी आधीच झाली होती. मीच ती लिहून घेतली होती." हे वाक्य कुणी टिपून घेतलं नाही.

कंपाउंडरने त्यांना कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटे. महिन्याभराने तो गाव सोडून पुतण्याकडे गेला. जाण्याआधी बाईंच्या दारात उभा राहिला, पाणी मागितलं, भांडं रिकामं केलं आणि निघून गेला.